नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

पुढच्या पाच-दहा वर्षांत आपल्या तालुक्यात पोराबाळांची कोणती नावं चालणार, हे मी आज सांगू शकतो. हसू नका. हे ज्योतिष नाही, धंद्यातली सवय आहे. तालुक्याच्या ठिकाणी वीस-बावीस वर्षं बातमीदारी केली की हाताखालून बातम्यांपेक्षा नावंच जास्त जातात. दहावीच्या निकालातले पहिले तीन, अंगणवाडीच्या वेशभूषा स्पर्धेतले नंबर, वाढदिवसाच्या जाहिराती, चौकातले फ्लेक्स आणि रोजच्या निधनवार्ता.

एखाद्या दिवशी हे सगळं एकत्र टेबलावर येतं तेव्हा मजा बघा. निधनवार्तेत सोनाबाई, हौसाबाई, पार्वती, गेनू, किसन, बाबूराव. दहावीच्या यादीत वैष्णवी, साक्षी, सानिका, श्रावणी, ओंकार, प्रथमेश, आदित्य. अंगणवाडीत स्वरा, अन्वी, शिवन्या, ओवी, आराध्या, शिवांश, रुद्र, शौर्य, राजवीर. आणि या सगळ्यांच्या मधे आम्ही, म्हणजे जाहिरातीचे पैसे देणारे काका आणि आत्या : सचिन, संतोष, संदीप, नितीन, अमोल, वैशाली, सुनीता, मनीषा, अर्चना.

नाव वाचलं की माणसाचं वय कळतं, दाखला बघायची गरज नाही.

लोकांना वाटतं, नावं सिनेमा आणि मालिकांमुळे येतात. अर्धं खरं आहे. माझ्या वर्गात तीन सचिन होते. आजची पोरं विचारतात, तेंडुलकरवरून ठेवलं का? अरे, तेंडुलकर पहिली कसोटी खेळला १९८९ ला. तेव्हा आमचे तिन्ही सचिन प्राथमिक शाळेत शेंबूड पुसत होते. खुद्द तेंडुलकरचं नाव १९७३ साली ठेवलं ते सचिनदेव बर्मन यांच्यावरून. म्हणजे नाव आधीच चाललेलं होतं, तो फक्त त्याला घेऊन मैदानात गेला.

उलटं उदाहरण बघा. 'सैराट' २०१६ ला आला, गावंच्या गावं थेटरात गेली. त्यानंतर आमच्या पंचक्रोशीतल्या एकाही बारशाला अर्चना आणि प्रशांत ही नावं मी ऐकली नाहीत. कारण ती आमच्या पिढीची नावं होती, शिळी झालेली. सिनेमा शिळ्या नावाला ऊत आणू शकत नाही. आधीच वर चढणाऱ्या नावाला मात्र ढकलतो. बच्चन कुटुंबात आराध्या जन्मली २०११ च्या नोव्हेंबरात. त्या आधीच 'आ'ने सुरू होणारी नावं शहरात फिरत होती. म्हणून ते नाव वाडीवस्तीपर्यंत पोचलं. 'स्वराज्यरक्षक संभाजी' मालिका २०१७ ते २०२० चालली आणि शंभू, शिवराज, राजवीर यांचा पूर आला. पण वीर आणि राजे यांची हवा आपल्याकडे त्याआधीही होतीच.

स्टॅनली लिबरसन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने २००० साली पुस्तक लिहून हेच मांडलं. नावांच्या फॅशनला स्वतःची अशी चाल असते, बाहेरच्या घटना तिला फार तर हातभार लावतात. अमेरिकेत त्यांना अभ्यासाला साधन आहे. तिथलं सामाजिक सुरक्षा खातं दरवर्षी बाळांच्या नावांची यादी जाहीर करतं आणि १८८० पासूनचे आकडे कुणालाही बघता येतात. २००५ साली लेविट आणि डबनर या दोघांनी 'फ्रीकॉनॉमिक्स' पुस्तकात, २०१५ मध्ये कोणती नावं चालतील याची यादीच छापली होती. त्यांचं सूत्र सोपं : आज शिकल्या-सवरल्या, पैसेवाल्या घरांत जे नाव आहे, ते उद्या सगळ्यांच्या घरात जाईल. आणि ते सगळ्यांच्या घरात गेलं की पैसेवाले ते टाकून पुढे सरकतील. एमा, एव्हा, लियाम ही त्यांची नावं बरोबर लागली. वेव्हर्ली, लिंडेन असली काही तितकी चालली नाहीत.

आपल्याकडे सरकार अशी यादी काढत नाही. आपली यादी फ्लेक्सवर असते. पण चाल तीच. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत जे नाव ठेवलं जातं ते काही वर्षांनी तालुक्याच्या कॉलनीत येतं, मग मोठ्या गावात, मग वाडीवर. वाडीवर पोचलं की सोसायटीतले लोक म्हणतात, 'हल्ली कुणीही आरव ठेवतं.'

हे 'कुणीही' लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत येतो.

तर माझे अंदाज. कुठेतरी लिहून ठेवा आणि २०३५ ला मला धरा.

एक. शिवांश, रुद्रांश, श्रेयांश, रियांश हा 'अंश' परिवार आपल्याकडे आता टोकाला पोचलाय. वर्गात पाच अंश झाले की पुढची आई दुसरं नाव शोधते. वीर परिवाराचंही तेच होणार.

दोन. मुलींची दोन अक्षरी जुनी नावं परत येणार. रमा, उमा, तारा, मीरा, मुक्ता, जिजा, येसू, वेणू. शहरात ती आलेलीच आहेत. नियम साधा आहे : आईबापाच्या पिढीचं नाव शिळं वाटतं, आजीचं म्हातारं वाटतं, पणजीचं मात्र गोड वाटतं. पणजीला आपण नऊवारीत भाजी निवडताना फारसं पाहिलेलं नसतं, फोटोतच पाहिलेलं असतं.

तीन. मुलांमध्ये माधव, केशव, राघव, श्रीधर वर येणार. विठ्ठल येईल, पण घरात 'विठू' म्हणून.

चार. ज्यात ळ, ठ, ज्ञ आहे ती नावं मागे पडणार. विठू हा अपवाद, त्याला वारी सांभाळून घेते. बाकी ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत डी-एन-वाय असं लिहितात, महाराष्ट्राबाहेर कुणाला वाचता येत नाही. हल्लीचे आईबाप पोराचं नाव ठेवतानाच त्याचा व्हिसा डोळ्यांपुढे ठेवतात. शिवाय राशीचं अक्षर असतंच. रोहिणी नक्षत्र असेल तर ओ, वा, वी, वू. पूर्वी भटजी अक्षर सांगायचे आणि आत्या नाव सांगायची. आता आत्या मोबाइलमध्ये अक्षर टाकते.

पाच. संतोष, सचिन, सुनीता, मनीषा. मित्रांनो, आपला नंबर निदान २०६० पर्यंत लागत नाही. तोवर आपण काका म्हणूनच राहायचं.

इथपर्यंत सगळी गंमत आहे. मी हे गंमत म्हणूनच लिहिणार होतो. पण मधे एक गोष्ट घडली.

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात एक जोडपं आलं. तिचं वय पंचवीसच्या आसपास, कडेवर सात-आठ महिन्यांची मुलगी. नाव बदलल्याची जाहीर नोटीस छापायची होती. अशा नोटिसा आमच्याकडे येतातच. आडनावातली चूक, जन्मतारखेचा घोळ. मी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "ताई, जुनं नाव सांगा." ती गप्प. नवऱ्याने सांगितलं, "नकुसा."

तिची परवानगी घेऊन लिहितोय, गाव सांगत नाही. तीन बहिणींच्या पाठीवरची चौथी. आमच्या भागात अशा पोरीचं नाव नकुसा किंवा नकोशी ठेवायची रीत होती, म्हणजे पुढच्या खेपेला मुलगा होतो म्हणून. २२ ऑक्टोबर २०११ ला आमच्या सातारा जिल्ह्यात प्रशासनाने अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली होती. देशभर, परदेशातही बातमी गेली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली, कुणी सावित्री. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, दहा वर्षांपूर्वी ९१३. म्हणजे 'नको' हे नुसतं नावात नव्हतं.

ही मात्र त्या २८५ मध्ये नव्हती. तेव्हा घरचे ऊसतोडीला गेलेले, तीही त्यांच्याबरोबर.

मी विचारलं, "सासरी नाव बदललं नाही का?" आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितातच. ती म्हणाली, "लक्ष्मी ठेवलंय. पण ते घरात. कागदावर नकुसाच हाय."

"मग इतकी वर्षं चाललं, आता का?"

तिने मुलीकडे बघितलं. "आता पोरीच्या नावापुढं माझं नाव लागतंय ना सर. नकुसा लागलं तर शाळेत पोरं काय म्हणतील हिला?"

मी बघतच राहिलो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असा राज्य सरकारचा निर्णय आहे. मी स्वतः त्यावर कौतुकाचा लेख लिहिला होता. निर्णय चांगलाच आहे, आजही तेच म्हणेन. पण ज्या बाईचं नाव हीच तिच्यावरची शिवी आहे, तिचं काय, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. आईला मान द्यायला केलेला नियम, आणि या आईला भीती की माझं नाव पोरीला चिकटेल.

घाई का, तर जन्मनोंदीत बाळाचं नाव वर्षभरात भरलं तर फी नाही. त्यात १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून वाहन परवाना, मतदार यादी, आधारपर्यंत सगळीकडे जन्मदाखला हाच पुरावा चालणार. एकदा छापलं की आयुष्यभराचं. त्यांना सांगितलं गेलं होतं, आधी तुझी कागदपत्रं बदलून आण. मग शपथपत्र, राजपत्र, आधार, हे सगळं करत दोन मजुऱ्या बुडाल्या होत्या.

मी विचारलं, "नवं नाव काय लिहू?" मनात म्हटलं, लक्ष्मी लिहायला सांगेल. ती म्हणाली, "पूजा."

मी जरा शहाणपणा केला. म्हटलं, "ताई, पूजा आता जुनं झालं. निवडताच आहात तर जरा वेगळं निवडा, हल्ली खूप छान नावं आहेत." आणि वरची यादी ऐकवायला लागलो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, आमच्या वर्गात चार पूजा होत्या. बाई पूजा म्हणाल्या की चौघी उठायच्या आन् सगळा वर्ग हसायचा. मला बी त्यांच्यात उठायचं होतं."

मी निमूटपणे पूजा लिहिलं. जाहिरातीचे पैसे घेतले नाहीत, यात मोठेपणा काही नाही.

तेव्हापासून मला 'हल्ली कुणीही आरव ठेवतं' हे वाक्य सहन होत नाही.

बघा ना, वेगळं नाव कोणाला हवं असतं? ज्याला गर्दीत जागा आधीच मिळालेली आहे, त्याला. ज्याला गर्दीतच घेतलं नव्हतं, त्याला चारचौघांसारखं नाव हवं असतं. आपण त्याला नक्कल म्हणतो.

हे आजचं नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगून ठेवलंय की ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलवाचक, वैश्याचं धनवाचक आणि शूद्राचं निंद्य. दगडू, धोंडू, कचरू, उकिरडा ही नावं सगळ्याच जातींत होती हे मला माहीत आहे. मुलं जगत नसत म्हणून दृष्ट लागू नये यासाठी ठेवायचे. पण एकाच्या घरी ते नवसाचं नाव असतं आणि दुसऱ्याच्या घरी त्याशिवाय दुसरं नाव ठेवलं तर पाटील डोळे वटारतो, यात फरक आहे. दया पवारांचं मूळ नाव दगडू मारुती पवार. १९७८ च्या 'बलुतं'मध्ये हा दगडूच आपली कहाणी सांगतो. आणि २०१४ च्या 'टाइमपास'मध्ये दगडू हे नाव आपल्याला हसवायला होतं. दोन्ही दगडू मराठीच.

१९५६ ला नागपुरात धर्मांतर झालं आणि त्यानंतर वस्त्यावस्त्यांत नावं बदलली. सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, राहुल, नागसेन, सुजाता, विशाखा, संघमित्रा. बाबासाहेबांनी मुंबईच्या कॉलेजला सिद्धार्थ हे नाव दिलं ते १९४६ लाच. आणि आज बघा, सिद्धार्थ कोणाच्या घरात नाही? फॅशन नेहमी वरून खाली येते हे सूत्र इथे चुकतं. 'फ्रीकॉनॉमिक्स'वाल्यांना आमची वस्ती माहीत नव्हती.

आता माझ्याच भाकिताकडे परत बघतो. जुनी नावं परत येणार म्हणालो. कोणाची जुनी? एकच देव, जेजुरीचा. मल्हार सोसायटीत राहतो, मार्तंड पुढच्या पाच वर्षांत तिथे राहायला येईल. खंडू मात्र अजून उसाच्या फडातच आहे. तो परत येणार नाही, कारण ज्यांच्या घरात खंडू होता त्यांनी तो मागे सोडायला दोन पिढ्या घालवल्या. ज्यांना जुन्या नावाने कधी टोचलं नाही, त्यांनाच ते गोड वाटतं. रमा, येसू जरूर ठेवा, मलाही आवडतात. फक्त वाडीवरची बाई पोरीचं नाव अनाया ठेवते तेव्हा 'आपली मराठी नावं काय वाईट होती' असं तिला ऐकवू नका. तिला आपल्या मराठीने नकुसा हे नाव दिलं होतं.

आणखी एक बदल बोलून टाकतो. आमच्या भागात मुसलमान घरांतही बाळासो, दादासो, राजूभाई अशी नावं असायची आणि हिंदू घरांत पिराच्या नवसाचे पिराजी, फकिरा. शहाजीराजांचं नावही शाह शरीफ या पिरावरून ठेवलं, असं सांगितलं जातं. आता निधनवार्तेत ही मंडळी संपत आलीत. फ्लेक्सवर दोन्हीकडची नावं आपापल्या धर्माची साफ ओळख देणारी होत चाललीत. अयान, कबीर, सारा, झोया अशी थोडी नावं तेवढी अजून दोन्हीकडे ऐकू येतात. त्यांचंही काय होतं बघायचं. नावावरून लोकांना ट्रोल करायचा जमाना आहे. कोणी पोराचं नाव काय ठेवावं याची पंचायत आता अख्खा महाराष्ट्र करतो.

मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यात एका अनुस्वाराचा फरक आहे. आपण पहिल्यापेक्षा दुसऱ्यात जास्त पटाईत.

म्हणून दोन मागण्या करतो आणि थांबतो.

पहिली, शाळेतल्या बाई-गुरुजींना आणि दाखला लिहिणाऱ्या भाऊसाहेबांना. एखादी आई आपल्याच पोरीचं नाव अडखळत उच्चारत असेल, तर हसू नका. 'धड म्हणता येत नाही तर ठेवलं कशाला' हे वाक्य मी स्वतःच्या कानाने ऐकलंय. तिला म्हणता येत नाही, पण पोरीला येईल. त्यासाठीच ठेवलंय.

दुसरी, सरकारला. २०११ ला तुम्ही मुलींची नावं बदलली. त्यातल्या आणि त्यातून सुटलेल्या मुली आता आया होताहेत, आणि तुमच्याच नियमाने त्यांचं नाव मुलांच्या दाखल्यावर येणार आहे. तर आता आयांसाठी तेच करा. ग्रामपंचायतीत एक दिवसाचं शिबिर लावा. शपथपत्र, राजपत्र, आधार, सगळं एका टेबलावर आणि फुकट. नकुसा, नकोशी, धोंडी, कचराबाई, ज्या बाईला आपलं नाव नको असेल तिने यावं, हवं ते सांगावं, लिहून घेऊन जावं. मग ते पूजा असो नाहीतर आणखी काही.

आणि हो, त्या पोरीचं नाव विचारायचं राहिलं म्हणाल. ओवी ठेवलंय. आमच्या अंगणवाडीत आधीच तीन ओव्या आहेत. ही चौथी. बाईंनी हाक मारली की चौघी उठतील.

तुमच्या गावात यंदा कुठलं नाव जास्त ऐकू येतंय, खाली लिहा. आणि अशी एखादी नकुसा ओळखीत असेल तर तिचं नाव इथे लिहू नका, मला वेगळा मेसेज करा. नोटीस मी छापून देतो.